आकडा गाठायचाय! (बर्नी एबर्सची गोष्ट)

वर्ल्डकॉम हे नाव आज एखाद्या आयटी पार्कच्या कँटीनमध्ये घेतलं तर दहातले नऊ जण "कुठली स्टार्टअप रे?" असं विचारतील. त्यांचा दोष नाही. 21 जुलै 2002 ला ही कंपनी बुडाली तेव्हा माझ्या वयाची मंडळी बालवाडीत डबा खात होती. पण प्रकरण साधंसुधं नव्हतं. 107 अब्ज डॉलरची मालमत्ता पुस्तकात दाखवणारी ही टेलिकॉम कंपनी दिवाळखोरीत गेली आणि एन्रॉनचा जेमतेम सात-आठ महिने जुना विक्रम मोडला. अमेरिकेच्या इतिहासातली तोवरची सगळ्यात मोठी दिवाळखोरी!

या वीकांताला लिहायचंय ते या कंपनीच्या सीईओबद्दल, म्हणजे बर्नी एबर्सबद्दल. त्याच्यावर पुष्कळ लिहून झालंय. काहींच्या लेखी तो महाठक होता, काहींच्या लेखी बळीचा बकरा. मला त्याची गोष्ट वेगळ्याच कारणासाठी महत्त्वाची वाटते. हा माणूस ई-मेलसुद्धा फारसा वापरत नसे. मग त्याच्या कंपनीत 11 अब्ज डॉलरचा घोटाळा झाला कसा? कीबोर्डवर बोटं कुणाची होती? या प्रश्नाचं उत्तर शोधायला लागलं की गोष्ट एबर्सच्या केबिनमधून उठते आणि आपल्या क्यूबिकलमध्ये येऊन बसते.

पण आधी गोष्ट सुरुवातीपासून.

बर्नार्ड एबर्सचा जन्म 1941 चा, कॅनडातल्या एडमंटनचा. तरुणपणी गड्याने घरोघर दूध टाकलं, बारमध्ये बाउन्सरचं काम केलं. शिक्षणात काही जमेना, पण उंचीच्या जोरावर बास्केटबॉलची शिष्यवृत्ती मिळाली आणि तो अमेरिकेतल्या मिसिसिपी कॉलेजात पोचला. पदवी कशातली? शारीरिक शिक्षणातली! म्हणजे आपल्याकडे शाळेत शिट्टी वाजवणारे पीटीचे सर असतात ना, तसा हा होऊ शकला असता. थोडे दिवस झालाही. मग सत्तरच्या दशकात त्याने एक मोटेल घेतलं, मग दुसरं, तिसरं. चादरी मोजायच्या, टॉवेल मोजायचे, चार पैसे वाचवायचे, हा धंदा त्याला पक्का कळत होता.

आता टेलिकॉम. अमेरिकेत तोवर टेलिफोन म्हणजे एटी अँड टी. सरकारने भरलेल्या खटल्यानंतर 1984 च्या सुरुवातीला या राक्षसाचे तुकडे झाले. स्थानिक फोन वेगळ्या कंपन्यांकडे गेले आणि लाँग डिस्टन्सचं मैदान मोकळं झालं. मोठ्या कंपनीकडून घाऊक भावात मिनिटं घ्यायची आणि छोट्या दुकानदारांना किरकोळीत स्वस्तात विकायची, असा नवा धंदा उभा राहिला. मिसिसिपीतल्या चार जणांनी 1983 मध्ये अशीच एक कंपनी काढली, लाँग डिस्टन्स डिस्काउंट सर्व्हिसेस. एबर्सने त्यात पैसे घातले होते. कंपनी तोट्यात जायला लागली तेव्हा 1985 मध्ये बाकीच्यांनी त्यालाच पुढे केलं, तू चालव म्हणून.

ज्यांनी पिवळ्या पाटीचे एसटीडी-पीसीओ पाहिलेत त्यांना हा धंदा समजावून सांगायला नको. पीसीओवाल्याला एक्स्चेंजमधलं काही कळायची गरज नव्हती. मिनिट कितीला पडतं आणि कितीला जातं, एवढं कळलं की बास. एबर्सला तेवढं फार चांगलं कळत होतं. त्याने खर्च कापले, कंपनी नफ्यात आणली. इथपर्यंत या माणसाबद्दल मला कौतुकच आहे. प्रामाणिकपणे केलेला, मेहनतीचा व्यापार होता तो.

मग त्याला शेअर बाजाराचा शोध लागला.

ही यंत्रणा कशी चालते ते नीट समजून घेण्यासारखं आहे, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. समजा माझी कंपनी वर्षाला 100 रुपये कमावते आणि बाजार माझ्यावर इतका खूश आहे की कमाईच्या 40 पट किंमत देतो. म्हणजे माझी कंपनी 4000 ची. शेजारची एक कंटाळवाणी कंपनीही 100 च कमावते, पण तिला बाजार 15 पट देतो, म्हणजे ती 1500 ची. मी ती विकत घेतो. रोख पैसे देत नाही, माझे शेअर छापून देतो. आता एकत्र कमाई 200. बाजार अजून माझ्यावर खूशच, तो पुन्हा 40 पट देतो. एकदम 8000! त्यातला माझ्या जुन्या भागधारकांचा वाटा सुमारे 5800 चा. काल 4000, आज 5800. मध्ये काय झालं? एक फूटभर केबलसुद्धा कुणी पुरली नाही.

यात एकच अट आहे, बाजार खूश राहिला पाहिजे. आणि तो खूश राहायला पुढच्या वर्षी याहून मोठी कंपनी गिळावी लागते.

एबर्सने गिळल्या. साठेक कंपन्या. 1995 मध्ये कंपनीचं नाव वर्ल्डकॉम झालं. 1996 मध्ये एमएफएस घ्यायचं ठरलं आणि तिच्याबरोबर युयुनेट आली, इंटरनेटचा कणा चालवणारी त्या काळातली अग्रगण्य कंपनी. 1998 मध्ये तर कमालच झाली. एमसीआय ही उलाढालीत वर्ल्डकॉमच्या दुपटीहून मोठी कंपनी. ब्रिटिश टेलिकॉम तिच्यावर डोळा ठेवून होती. एबर्सने जास्त बोली लावून सुमारे 37 अब्ज डॉलरना ती उचलली. मिसिसिपीतला मोटेलवाला, काउबॉय बूट घालून हिंडणारा, रविवारी चर्चमध्ये शिकवणारा हा गडी आता अमेरिकेतल्या दुसऱ्या क्रमांकाच्या लाँग डिस्टन्स कंपनीचा मालकासारखा मालक झाला. जून 1999 मध्ये शेअर 64 डॉलरच्या आसपास पोचला.

आता आमच्या बाजूची, म्हणजे इंजिनिअर लोकांची, थोडी गंमत. त्या काळात एक वाक्य सगळीकडे फिरत होतं, इंटरनेटवरची वाहतूक दर 100 दिवसांनी दुप्पट होते. हे वाक्य युयुनेटच्या गोटातून आलं आणि 1998 मध्ये अमेरिकन सरकारच्या वाणिज्य खात्याच्या अहवालातसुद्धा जाऊन बसलं. 1995-96 च्या थोड्या काळात अशी वाढ खरोखर झाली होती, नाही असं नाही. पण ती कायमची चालणार असं धरून चाललं तर काय होतं? कॅल्क्युलेटर काढा. दर 100 दिवसांनी दुप्पट म्हणजे वर्षाला साडेबारा पट. पाच वर्षांत तीन लाख पट! एटी अँड टीच्या प्रयोगशाळेतल्या अँड्र्यू ओडलिझ्को आणि केरी कॉफमन यांनी 1998 मध्येच बसून हिशोब केला होता, वाहतूक साधारण वर्षाला दुप्पट होतेय. म्हणजे पाच वर्षांत 32 पट.

32 पट कुठे आणि तीन लाख पट कुठे! पण 32 पटीवर कोण पैसे लावणार? सगळ्यांनी तीन लाखवाला आकडा धरला आणि जमिनीखाली, समुद्राखाली फायबर टाकत सुटले. बारावीचा मुलगाही करू शकेल असं गणित वॉल स्ट्रीटवरच्या फार थोड्या लोकांनी केलं, हे मला आजही पचत नाही.

असो. ऑक्टोबर 1999 मध्ये एबर्सने स्प्रिंट घ्यायची घोषणा केली. सौदा सुमारे 115 अब्ज डॉलरचा. पण अमेरिकन न्याय खातं आणि युरोपियन कमिशन दोघांनी खोडा घातला आणि जुलै 2000 मध्ये सौदा फिसकटला. आता गिळायला याहून मोठं काही उरलंच नव्हतं. यंत्र थांबलं. त्याच सुमारास डॉटकॉमचा फुगा फुटला, ग्राहक कंपन्या बुडू लागल्या, मिनिटाचे भाव कोसळले. आणि ज्या लाईनी ग्राहक येतील म्हणून भाड्याने घेऊन ठेवल्या होत्या त्यांचं भाडं मात्र दर महिन्याला चालूच!

एबर्सची स्वतःची परिस्थितीही नाजूक होती. त्याने आपले वर्ल्डकॉमचे शेअर तारण ठेवून कर्जं काढली होती आणि त्यातून कॅनडात प्रचंड मोठं गुरांचं रँच, जंगलजमिनी, बोटींचा कारखाना असं काय काय घेतलं होतं. शेअर पडला की बँका म्हणणार, आणखी तारण द्या नाहीतर शेअर विकतो. सीईओने शेअर विकले तर बाजारात बोंब होणार. म्हणून संचालक मंडळाने कंपनीच्याच तिजोरीतून त्याला कर्ज दिलं, हमी दिली. हा आकडा वाढत वाढत 40 कोटी डॉलरच्या वर गेला. आता विचार करा, ज्या माणसाचं घरदार, रँच, सगळं एका शेअरच्या भावाला बांधलंय, तो त्या कंपनीचे आकडे किती शांत डोक्याने बघू शकेल?

इथून पुढची गोष्ट हिशोबाची आहे. सोपी करून सांगतो.

तुमचा फोन वर्ल्डकॉमचा, पण शेवटच्या टप्प्यातली तार स्थानिक कंपनीची. ती वापरल्याबद्दल तिला पैसे द्यावे लागतात. याला लाईन कॉस्ट म्हणत. वर्ल्डकॉमचा हा सगळ्यात मोठा खर्च. म्हणजे घरभाडं समजा. घरभाडं दिलं, पैसे गेले, विषय संपला. फ्लॅट विकत घेतला तर मात्र ती मालमत्ता, तिचा खर्च पुस्तकात वीस-पंचवीस वर्षांत थोडा थोडा दाखवता येतो. वर्ल्डकॉमने काय केलं? दिलेल्या भाड्याच्या पावत्या उचलून फ्लॅटच्या फायलीला लावल्या! खर्च गायब, नफा तयार. या खात्याला नावही काय झकास दिलं होतं, "प्रीपेड कपॅसिटी". ऐकताना भारदस्त वाटतं, अर्थ विचारला तर कुणाला सांगता येत नाही. पाच तिमाहींत 3.8 अब्ज डॉलर असे इकडचे तिकडे झाले. त्याआधी जुन्या तरतुदींमधून पैसे काढून नफा फुगवला होता तो वेगळा. सगळं खणून काढल्यावर बेरीज 11 अब्जांवर गेली.

या काळात एटी अँड टी आणि स्प्रिंटचे लोक डोकं खाजवत होते. आपला धंदा तोच, तारा त्याच, ग्राहक तेच, मग यांना हा नफा कसा जमतो? तो जमवायच्या नादात त्यांनीही खर्च कापले, माणसं कमी केली. खोट्या आकड्याशी स्पर्धा करताना खऱ्या नोकऱ्या गेल्या. घोटाळ्याचं हे नुकसान कुठल्याच ताळेबंदात दिसत नाही.

आता मूळ मुद्दा.

यातल्या नोंदी एबर्सने केल्या नाहीत. त्याचा सीएफओ स्कॉट सुलिव्हन यानेही स्वतः बसून केल्या नाहीत. खटल्यात सुलिव्हनने साक्ष दिली ती अशी की एबर्सचा हेका एकच होता, आकडा गाठायचाय. बस्स! कुठे कागदावर हुकूम नाही, "घोटाळा करा" असं कुणी म्हटलं नाही. वरून एक वाक्य निघालं, एकेक पायरी उतरत खाली आलं, आणि खाली येईपर्यंत त्याची नोंद झाली, एका खात्यात जमा, दुसऱ्यात नावे.

खाली कोण होतं? अकाउंट्समधली मधल्या फळीतली चार माणसं. त्यातल्या एका बाईंबद्दल मी जेवढं वाचलंय तेवढं एबर्सबद्दलही वाचलं नसेल. नाव मुद्दाम देत नाही, शिक्षा भोगून झालीय. साधी, कामसू, वरिष्ठांनी सांगितलेलं चोख करणारी बाई. 2000 च्या शरद ऋतूत पहिल्यांदा तिला आणि तिच्या सहकाऱ्याला 82 कोटी 80 लाख डॉलरची अशी नोंद करायला सांगितली. कागद मागावा तर कागदच नाही. तिला ते खटकलं. नोंद केली, आणि मग राजीनामा लिहिला.

राजीनामा लिहिला. दिला नाही.

सुलिव्हनने दोघांना बोलावून समजूत घातली. त्याने दिलेलं उदाहरण विमानवाहू जहाजाचं होतं. विमानं हवेत आहेत, ती आधी उतरवू, मग तुम्हाला जहाज सोडायचं तर सोडा. आता फक्त एवढी तिमाही. घरात तिचा पगार नवऱ्यापेक्षा जास्त, आरोग्य विमा तिच्या नोकरीवर. शिवाय सांगणारा माणूस कोण? ज्याला सीएफओ म्हणून पुरस्कार मिळालेला, ज्याची अख्खी वॉल स्ट्रीट वाहवा करते तो. त्याला कळत नाही आणि मला कळतं? तिने राजीनामा ठेवून दिला. पुढच्या तिमाहीत पुन्हा तेच. आणि त्याच्या पुढच्या तिमाहीत पुन्हा. विमानं काही उतरली नाहीत.

ऑगस्ट 2005 मध्ये तिला पाच महिने तुरुंग आणि पाच महिने घरकैद झाली.

हे वाचून मंडळी म्हणतील, आपला काय संबंध? आपण कोड लिहितो, ताळेबंद नाही. खरंच? प्रोजेक्टच्या स्टेटस रिपोर्टमध्ये पिवळ्याचं हिरवं कोण करतं? क्लायंटच्या बिलात दाखवलेले तास कुठून येतात? टेस्ट पास झाली असं लिहायचं आणि नंतर चालवून बघायची, हे कधीच ऐकलं नाही असा कुणी आहे का आपल्यात? आणि बायोडेटात दोन वर्षांची चार वर्षं करा, क्लायंटला सीनिअर हवाय, असं सांगणारे साहेब? प्रत्येक वेळी वाक्य तेच असतं. एवढी रिलीज जाऊ दे, मग बघू. विमानवाहू जहाजच आहे हे, फक्त आपलं बोट छोटं.

आपल्याच धंद्यातलं उदाहरण हवं तर 7 जानेवारी 2009 ची सत्यमची गोष्ट आहेच. तिथे खोटी बिलं बिलिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये तयार झाली आणि बाकीच्यांच्या नजरेला पडू नयेत म्हणून सुपर यूजरची सोय वापरली, असं तपासात पुढे आलं. ती सोय आकाशातून पडत नाही. कुठल्याही सिस्टिममध्ये ती कुणीतरी लिहिलेली असते. लिहिताना "ही कशाला हवी?" असं विचारलं जातं की नाही, एवढाच प्रश्न.

आता वर्ल्डकॉममधलीच दुसरी माणसं बघा, म्हणजे न्याय होईल. सिंथिया कूपर ही अंतर्गत लेखापरीक्षण विभागाची प्रमुख. कंपनीचं मुख्यालय मिसिसिपीतल्या क्लिंटन गावात आणि ही त्याच गावात वाढलेली. 2002 च्या मे-जून महिन्यात तिने आणि तिच्या छोट्या टीमने खणायला सुरुवात केली. जीन मोर्स हा त्यातला तंत्रज्ञ. हिशोबाच्या सिस्टिमवर मोठ्या क्वेऱ्या चालवल्या की सर्व्हर मंदावायचा, लोकांच्या लक्षात यायचं, म्हणून काम रात्री. डेटा मिळाला की सीडीवर उतरवून ठेवायचा, कुणी पुसून टाकला तर? आणि मग तिने काय केलं? काही थोर नाही. एकेका माणसाकडे गेली आणि "प्रीपेड कपॅसिटी म्हणजे काय? याचा कागद दाखवा" एवढंच विचारत राहिली. सुलिव्हनने तपासणी पुढे ढकलायला सांगितलं. ती थांबली नाही. 25 जून 2002 ला कंपनीला जाहीर करावं लागलं की 3.8 अब्जांचा हिशोब खोटा आहे. सुलिव्हनची हकालपट्टी झाली. एबर्सने तर एप्रिलच्या शेवटीच खुर्ची सोडली होती.

पुढे टाइम साप्ताहिकाने 2002 च्या वर्षातल्या मानकऱ्यांत तिला बसवलं. पण त्या जूनमध्ये तिला मानकरी वगैरे कुणी म्हणत नव्हतं. कंपनीने त्याच सुमारास 17 हजार नोकऱ्या कापल्या. कर्मचाऱ्यांची निवृत्तीची पुंजी कंपनीच्याच शेअरमध्ये होती, तिची राख झाली. अख्खं गाव ज्या कंपनीवर जगत होतं ती बुडवल्याचा ठपका काही लोकांनी चोर सोडून जागल्यावर ठेवला असेल, तर मला आश्चर्य वाटणार नाही. आपल्याकडेही तसंच होतं.

गंमत बघा, दोघी एकाच कंपनीत, एकाच गावात. एकीने कागद नसताना नोंद केली, दुसरीने कागद दाखवा म्हटलं. अकलेत फरक होता असं मला वाटत नाही. एक फरक मात्र खरा होता, आणि तो प्रामाणिकपणे मांडायला हवा. कूपरचं कामच प्रश्न विचारण्याचं होतं, लेखापरीक्षण समितीपर्यंत जायची वाट तिला मोकळी होती. त्या बाईंपुढे मात्र तिचे साहेब आणि साहेबांचे साहेब, एवढीच वाट होती. म्हणून "तिने ठाम राहायला हवं होतं" असं एका ओळीत निकालात काढणं मला जमत नाही. गृहकर्जाचा हप्ता दर महिन्याच्या पाच तारखेला जाणाऱ्या कुणालाच जमू नये. तरीही, राजीनामा खणात ठेवल्याने पगार वाचला, माणूस वाचला नाही, हेही खरं.

एबर्सचा खटला 2005 मध्ये उभा राहिला. बचाव काय? मला तंत्रज्ञानातलं कळत नाही, मला हिशोबातलं कळत नाही, मी आपला मार्केटिंगचा माणूस! यावर सरकारी पक्षाने दाखवून दिलं की हा माणूस ऑफिसातल्या फुकट कॉफीचा खर्चसुद्धा बारकाईने बघत होता. कॉफीच्या पुड्या मोजणाऱ्याला अब्जावधी डॉलर इकडचे तिकडे झालेले दिसले नाहीत, हे ज्युरीला पटलं नाही. मार्चमध्ये दोषी ठरला, जुलैमध्ये 25 वर्षांची शिक्षा झाली. तेव्हा त्याचं वय 63. सुलिव्हन साक्षीदार झाला, त्याला पाच वर्षं. 2006 मध्ये एबर्स तुरुंगात गेला, प्रकृती खालावली म्हणून डिसेंबर 2019 मध्ये सुटला आणि 2 फेब्रुवारी 2020 ला वारला.

शिक्षा जास्त झाली का? अनेकांना वाटतं, झाली. पाच आणि पंचवीस यातलं अंतर मलाही खुपतं. पण "मला माहीत नव्हतं" हा बचाव चालला नाही हे मात्र योग्यच झालं. माहीत करून घेण्यासाठीच तर तो पगार असतो.

या सगळ्यातून निघालेला सार्बेन्स-ऑक्सले कायदा 30 जुलै 2002 ला सहीचा झाला, दिवाळखोरीनंतर बरोबर नऊ दिवसांनी. सीईओ आणि सीएफओ दोघांनी आकड्यांखाली स्वतः सही करायची, हिशोबाच्या सिस्टिममध्ये कोण काय बदलतं यावर नियंत्रण ठेवायचं. अमेरिकन क्लायंटच्या प्रोजेक्टवर असाल तर हा कायदा तुम्ही रोज भोगताय. प्रॉडक्शनला हात लावायचा तर चेंज रिक्वेस्ट भरा, दोन अप्रूव्हल आणा, ज्याने कोड लिहिला त्यानेच तो चढवायचा नाही. आपण सगळे या प्रकाराला शिव्या घालतो. मीही घालतो. पण त्या फॉर्मवरचा "बदलाचं कारण" हा रकाना म्हणजे कूपरने विचारलेला प्रश्नच आहे. तिथे आपण "ॲज पर डिस्कशन" लिहून पुढे जातो तेव्हा आपणही "प्रीपेड कपॅसिटी"च लिहीत असतो.

आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय हा लेख पुरा होणार नाही, कारण ती आपल्या पोटापाण्याची आहे. त्या तीन लाख पटीच्या नादात टाकलेलं फायबर मालक बुडाले म्हणून जागचं हललं नाही. ते कवडीमोलाने विकलं गेलं. मुंबईला येणारी फ्लॅगची समुद्री केबल, फ्लॅग टेलिकॉम 2002 मध्ये दिवाळखोरीत, आणि 2004 च्या सुरुवातीला रिलायन्सने 20 कोटी 70 लाख डॉलरना अख्खी कंपनी घेतली. टायकोने अब्जावधी डॉलर घालून समुद्राखाली पसरलेलं जाळं टाटांच्या व्हीएसएनएलने 2005 मध्ये फक्त 13 कोटी डॉलरना उचललं. बँडविड्थ स्वस्त झाली. पुण्यात, बंगळुरात बसून न्यूजर्सीतल्या सर्व्हरवर काम करणं परवडायला लागलं त्यात या स्वस्ताईचा मोठा हात होता. थोडक्यात, हिंजवडीचा ट्रॅफिक जॅम काही अंशी एबर्स आणि त्याच्यासारख्यांची कृपा आहे :)

मग झालं ते बरंच झालं म्हणायचं का? अजिबात नाही. आपल्याला मिळालेली स्वस्ताई कुणाच्या तरी म्हातारपणाच्या पुंजीतून आली, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे. आणि आज डेटा सेंटर, एआय, अमुक वर्षांत तमुक पट असं कुणी फळ्यावर लिहिलं की आपण टाळ्या वाजवण्याआधी कॅल्क्युलेटर काढावा. इंजिनिअर म्हणून आपल्याला पगार त्याचाच मिळतो.

सीईओंची चरित्रं वाचायची आपल्याला भारी हौस. गराजमधून सुरुवात, मग मोठं साम्राज्य, मग एखादा उदय नाहीतर अस्त. एबर्सचं चरित्रही तसं मसालेदार आहे. पण माझ्या मते त्याच्या कारकिर्दीतला सगळ्यात निर्णायक क्षण त्याच्या केबिनमध्ये घडलाच नाही. तो घडला काही मजले खाली, एका टेबलाशी, जिथे एका बाईने लिहिलेला राजीनामा खणात ठेवला आणि स्क्रीनवर आकडा भरला. तिने त्या दिवशी नुसतं "मला हे लेखी द्या" म्हटलं असतं तर कंपनी वाचली नसती, ती आधीच पोखरली होती. पण लेखी द्यायला कुणी तयार झालं नसतं, आणि ती नोंद करायला दुसरा कुणीतरी शोधावा लागला असता. त्यानेही लेखी मागितलं असतं तर?

वरच्यांची हाव आपल्या हातात नाही. आपल्या हातात कीबोर्ड आहे. "आकडा गाठायचाय" असं साहेब म्हणाले की "कसा? आणि याचा कागद कुठाय?" एवढं विचारायची सवय लावून घ्यायला हवी, तीही लहानसहान गोष्टींत, जेव्हा विचारल्याने नोकरी जात नाही तेव्हा. सोमवारच्या स्टेटस रिपोर्टपासून सुरुवात केली तरी चालेल. पिवळा असेल तर पिवळाच ठेवायचा.